पाच डंख आणि त्रेचाळीस डंख: कर्नाळ्यावर मोहोळ उठलं त्या रविवारचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमच्या सोसायटीचा ग्रुप, १४ जण, जानेवारीतला शेवटचा रविवार आणि कर्नाळा. नावं कुणाचीच देत नाही, कोण कोण होतं ते वयावरून आणि नात्यावरून कळेल तेवढं पुरे. मी स्वतः होतो त्यात, सगळ्यात शेवटी चालायचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे जे मागे पडतात त्यांना हाकत आणायचं, ट्रेकवाले ज्याला स्वीप म्हणतात ते. पुढे आमचा लीड, पन्नासेक किल्ले केलेला, कर्नाळा त्याचा सात-आठ वेळा झालेला.

कर्नाळाच का, तर सोपा. पनवेलच्या पुढे मुंबई-गोवा हायवेलाच गेट, किल्ल्याची उंची साधारण ४४५ मीटर, सह्याद्रीतल्या थोरल्या किल्ल्यांसमोर टेकडीच म्हणायची. आजूबाजूला सगळं जंगल, १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे, बारा चौरस किलोमीटरच्या आसपास. वाट बहुतेक सावलीतून जाते, म्हणून लोक पोराबाळांना, आईवडलांना घेऊन येतात. आमच्यात पण १३ वर्षांचा एक मुलगा होता आणि बँकेतून रिटायर झालेले ६१ वर्षांचे काका होते.

गेटवर बाटल्या आणि प्लास्टिक मोजून डिपॉझिट घेतात. आमच्या २३ बाटल्या निघाल्या, पावती मी पाकिटात टाकली. आठच्या आसपास चढायला लागलो.

आता खरी गोष्ट सांगतो, छोटा डोंगर आहे म्हणून कुणी तयारीच केली नव्हती. आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज गेला त्यात २ लिटर पाणी, शूज, टोपी, डबा एवढंच होतं. हरिश्चंद्रगड असता तर लीडने प्रत्येकाला बीपी आहे का, दमा आहे का, कसली अ‍ॅलर्जी आहे का सगळं विचारलं असतं, तो तसा काटेकोर माणूस आहे. इथे विचारलं नाही. फर्स्ट एडच्या पिशवीत बँडेज, क्रेप, दुखण्यावरचा स्प्रे, ओआरएस आणि सिट्रिझिनची एक अर्धी स्ट्रिप, ती पण लीडला स्वतःला सर्दी होती म्हणून आलेली.

अडचण

कर्नाळ्याचा सुळका ज्यांनी पाहिलाय त्यांना माहितीये, हायवेवरून अंगठ्यासारखा दिसतो तो. त्या सुळक्याला आग्या मोहोळं लटकलेली असतात. लांबून बघितलं तर दगडावर डांबर ओघळून थिजल्यासारखं वाटतं, जवळ गेल्यावर कळतं की तो काळा रंग म्हणजे माशाच आहेत, एकमेकींना धरून पडद्यासारख्या बसलेल्या. आम्ही १०:२० ला सुळक्याच्या पायथ्याशी पोचलो. तिथे कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत, सावली आहे, वारा आहे, बसायला एकदम मस्त जागा. आणि बरोब्बर डोक्यावर मोहोळं.

काकांनीच विचारलं, इथे बसायचं का रे, वर हे आहे. लीड म्हणाला, काका दरवेळी असतात, आपण त्यांच्या वाटेला गेलो नाही तर त्या आपल्या वाटेला येत नाहीत. हे वाक्य मी पण आधीच्या दोन ट्रेकना लोकांना ऐकवलं होतं. सतरंजी अंथरली, डबे उघडले.

दहा-पंधरा मिनिटांनी त्या १३ वर्षांच्या मुलाने वर बोट दाखवलं, म्हणाला ते बघा कसं हलतंय, मस्त दिसतंय. मी बघितलं. पोळ्यावरून एक लाट सरकली, वाऱ्याने शेत हलतं तशी, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, चमकत. मग परत एक. त्यावेळी मला पण ते छानच वाटलं आणि मी मोबाईल काढला. नंतर वाचलं तेव्हा कळलं की आग्या माशांचा तो इशारा असतो, काहीतरी जवळ आलंय म्हणून शेकडो माशा एकामागोमाग पोट वर उचलतात त्याची ती लाट दिसते. म्हणजे आम्हाला नोटीस मिळाली होती आणि आम्ही तिचा व्हिडिओ काढत होतो.

उठल्या कशामुळे यावर आमच्यात अजून भांडण आहे. एका कॉलेजातल्या पोराने घामाचा वास येतो म्हणून अंगावर डिओ मारला होता, बहुतेकांचा संशय त्याच्यावर, बिचारा अजून ऐकून घेतो. काकांचं म्हणणं वर एक मोठी घार घिरट्या घालत होती, ती मधुबाज असणार, तो पक्षी पोळ्यावर झडप घालतो आणि मग माशांचा राग खाली जो दिसेल त्याच्यावर निघतो. दोन्ही कारणांनी मोहोळ उठतं हे खरं आहे. मला विचाराल तर कारण काही असो, आम्ही पोळ्याच्या खाली बसून जेवत होतो.

१०:४० ला आवाज बदलला. आधी नुसती गुणगुण होती, ती एकदम जाड झाली, लांबून ट्रक चढावाला लागल्यासारखी. आणि मग कुणीतरी किंचाळलं.

पर्याय काय होते

खरं सांगायचं तर त्या क्षणी कुणी पर्याय बिर्याय मोजत बसलं नाही, पण नंतर चौघं-पाच जण बसून आम्ही कागदावर मांडलं तेव्हा तीन रस्ते दिसले.

पहिला, पळत खाली जायचं. वाट पायऱ्यांची, काही ठिकाणी अरुंद, एका बाजूला उतार. आग्या माशा शंभर-दोनशे मीटर सहज पाठलाग करतात, म्हणजे थोडंसं पळून भागत नाही, आणि तोंडावर हात धरून पायऱ्या उतरताना पाय चुकला तर डंखापेक्षा मोठं काम होऊन बसेल.

दुसरा, टाक्यात उडी. कॉलेजवाला पोरगा खरंच निघाला होता, मी त्याची कॉलर धरून मागे ओढला. पाण्यात गेलं तरी माशा वर घोटाळत राहतात, श्वास घ्यायला डोकं काढलं की तोंडावरच येतात, आणि ही टाकी म्हणजे काही स्विमिंग पूल नाही, कडा सरळ आणि शेवाळलेल्या, उडी मारली तर परत वर येणार कसं.

तिसरा, जिथे आहोत तिथेच अंग झाकून, तोंड खाली घालून पडून राहायचं. हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं पण पोळ्याच्या खालीच पडून राहिलं तर त्या थांबतच नाहीत. एका माशीने डंख मारला की तिथे एक वास सुटतो, त्या वासावर बाकीच्या येतात. ज्याला दहा चावल्या त्याला अजून चाळीस चावणार, असं ते गणित आहे. काकांचं तेच झालं.

लीड ओरडला, बॅगा सोडा, तोंड झाका, खाली झाडीत चला, ढकलाढकली नको. हे त्याने बरोबर केलं, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच पाहिजे. बॅगा उचलायला कुणी थांबलं असतं तर अजून वाईट झालं असतं.

काय केलं

बारा जण पाच-सात मिनिटांत खाली दाट झाडीत पोचले. गच्च झुडपात माशांना नीट पाठलाग करता येत नाही, तिथे त्या पांगल्या. मोजले तर दोन कमी, एक मी जो अजून वरच होतो आणि एक काका.

काका पहिल्याच वळणावर बसले होते. पळता येत नव्हतं त्यांना, चष्मा पडला होता, आणि ते हाताने माशा झटकत होते, म्हणजे जे करायचं नाही नेमकं तेच. माझ्या कमरेला विंडचीटर बांधलेलं होतं ते त्यांच्या डोक्यावर टाकलं, म्हटलं काका हात खाली, माझा पट्टा धरा आणि फक्त चाला. मला त्यात सतरा-अठरा चावल्या. परत जायला हवं होतं की नको यावर मी पुष्कळ विचार केलाय. अंग झाकायला काही नसतं तर जायला नको होतं, दोघं पडलो असतो. होतं म्हणून गेलो.

१०:५५ ला सगळे झाडीत एकत्र. आणि इथून पुढे जे झालं त्यासाठी खरं म्हणजे हे सगळं लिहितोय.

काकांचं तोंड बघवत नव्हतं. डोळे सुजून बंद, कान टमाट्यासारखे, मानेवर, टकलावर काटेच काटे. साहजिकच सगळे काकांभोवती. कुणी पाणी ओततंय, कुणी काटे काढतंय, कुणीतरी पानाचा चुना आहे का विचारतंय. काटे काढायचे चिमटीने का कार्डाने यावर पण तिथे उभ्या उभ्या चर्चा झाली, ती फुकटची, कारण मधमाशीचा काटा कातडीत राहिला की काट्याला चिकटलेली पिशवी अजून थोडा वेळ विष आत ढकलत राहते, त्यामुळे नखाने, कार्डाने, कशानेही, पण लगेच काढायचा, एवढंच महत्त्वाचं. १५ मिनिटांनी काढताना पद्धतीला काही अर्थ उरत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, वय ३४, थोड्या बाजूला एका दगडावर बसल्या होत्या. मी विचारलं, वहिनी तुम्हाला किती? त्या म्हणाल्या पाचच, हातावर आणि मानेला, मी ठीके, तुम्ही काकांचं बघा. मी मनातल्या मनात पाच विरुद्ध चाळीस असा हिशोब केला आणि काकांकडे वळलो. माझी सगळ्यात मोठी चूक ही. त्यावेळी त्या तळहात खाजवत होत्या, चावलं होतं दंडाला आणि खाज तळहाताला, ते मी बघितलं आणि सोडून दिलं.

११:०५ ला त्यांना उलटी झाली. आम्हाला वाटलं घाबरल्या असतील, पळापळ झाली, ऊन आहे. सिट्रिझिनची गोळी दिली. गळ्यात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय म्हणाल्या, पाणी पाजलं. मग त्यांच्या नवऱ्याने जे सांगितलं ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला, म्हणे गेल्या वर्षी गावाला हिला एक मधमाशी चावली होती तर अंगभर पित्त उठलं होतं, इंजेक्शन द्यावं लागलं होतं. आधी का नाही सांगितलं असं मी म्हणणार होतो, पण विचारलं कुणी होतं?

आता निर्णय, इथेच मदतीची वाट बघायची का चालत खाली न्यायचं. लीडचं मत चालू शकतायत तोवर चालवू, गेट गाठू, दीड तासाचं काम आहे. माझं मत पण तेच पडलं. दोघांनी खांद्याला धरून उभं केलं आणि निघालो. एक जण फोनची रेंज शोधत पुढे पळाला.

जेमतेम दहा मिनिटं चालल्या असतील. बोलता बोलता आवाज घोगरा झाला, मग बोलणं बंद, आणि गुडघ्यातून खाली बसल्या. ओठ सुजलेले, चेहरा पांढरा, हात गार. अ‍ॅलर्जीची एवढी मोठी रिअ‍ॅक्शन येते तेव्हा बीपी पडतं, अशा माणसाला उभं करायचं नाही, चालवायचं तर मुळीच नाही, हे आम्हाला हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, जरा आवाज चढवूनच सांगितलं.

तिथे मात्र डोकं चाललं. आडवं झोपवलं, पाय दोन दगडांवर ठेवलेल्या जॅकेटांवर उंच, मान कुशीवर कारण अजून उलटी होत होती. चालणं बंद. श्वास घ्यायला त्रास होतोय म्हणून मध्ये थोडं टेकवून बसवलं तर परत पांढऱ्या पडायला लागल्या, मग परत आडवं. नवऱ्याला फक्त एक काम दिलं, श्वास मोज आणि मोठ्याने सांग. त्याला पण काहीतरी करायला मिळालं.

रेंज मिळाली तेव्हा १०८ ला फोन लागला. पहिल्यांदा त्या पोराने कर्नाळा किल्ला एवढंच सांगितलं, तिकडून प्रश्न की तालुका कुठला, गाडी कुठे येईल. गाडी किल्ल्यावर येणार नसते, त्यामुळे हायवेवरचं पक्षी अभयारण्याचं गेट असं सांगितल्यावर काम झालं. आणि त्याने एक शहाणपणा केला, माशा चावल्या असं न म्हणता मधमाशीची अ‍ॅलर्जी आहे, श्वास अडकतोय, असं सांगितलं. दुसरा एक जण थेट गेटवर पळाला. तिथून दोन वनमजूर आणि जवळच्या वाडीतला एक मुलगा बांबू आणि चादर घेऊन १२:०५ ला आमच्यापर्यंत आले. डोली बांधायला त्यांना पाच मिनिटं पण लागली नाहीत, आम्ही तोवर दोन सुक्या काठ्या मोडून बसलो होतो. सहा जणांनी आळीपाळीने खांदा दिला. काका मागून चालत आले, एका हाताने माझा पट्टा धरून, डोळे बंद, आणि सारखं विचारत होते की ती पोरगी बोलतेय का.

पुढे काय झालं

१२:५० ला गेटवर. अँब्युलन्समध्ये डॉक्टर होता, त्याने बघता क्षणी मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं. मी डोळ्याने बघितलंय म्हणून सांगतो, पाच-सात मिनिटांत रंग परत आला आणि वहिनींनी पहिलं वाक्य बोललं ते असं की माझी चप्पल कुठेय. शूज घालून आल्या होत्या.

पनवेलच्या हॉस्पिटलमध्ये त्यांना रात्रभर ठेवून घेतलं, कारण अशी रिअ‍ॅक्शन काही तासांनी परत उलटू शकते. काकांच्या अंगातून ४३ काटे निघाले. त्यांना अ‍ॅलर्जी नव्हती पण विषाचा डोसच मोठा, त्याने स्नायू आणि किडनीवर परिणाम होऊ शकतो आणि तो लगेच दिसत नाही, म्हणून दोन दिवस सलाईन, रक्त-लघवीच्या टेस्ट, आणि लघवीचा रंग गडद होतोय का बघत राहायचं. सगळं नॉर्मल आलं. बाकी आम्हा नऊ-दहा जणांना थोडे थोडे डंख, चार दिवस सूज, आठवडाभर खाज. त्या मुलाला एकही चावली नाही, त्याचं त्याला वाईट वाटलं, शाळेत दाखवायला काहीच नव्हतं.

आता वेगळं काय करू

पहिलं म्हणजे मोहोळाखाली बसायचंच नाही. सुळका बघायचा, पाच मिनिटं हळू आवाजात थांबायचं, आणि डबा खाली देवीच्या देवळाच्या बाजूला. पोळ्यावर लाट फिरताना दिसली की फोटो नाही, उठायचं आणि गुपचूप चालायला लागायचं. काळे कपडे, अत्तर, डिओ, आरडाओरडा हे सगळं नको असं आम्ही आता मेसेजमध्ये लिहितो, लोक हसतात, हसू देत.

दुसरं, अ‍ॅलर्जीचा प्रश्न. आता डोंगर केवढा आहे ते न बघता प्रत्येकाला विचारतो, आणि नुसतं अ‍ॅलर्जी आहे का असं नाही विचारत, कारण लोक सरळ नाही म्हणतात. मधमाशी, गांधीलमाशी कधी चावली होती का आणि मग काय झालं होतं, असं विचारतो. वहिनींना आपल्याला अ‍ॅलर्जी आहे हे माहीतच नव्हतं, त्यांच्या लेखी ते पित्त होतं. पण काय झालं होतं विचारलं असतं तर त्यांनी सगळं सांगितलं असतं.

तिसरं, डंख मोजणं. हे मला अजून टोचतं. जास्त डंखवाल्याला हॉस्पिटल लागतंच, पण त्याच्याकडे काही तास असतात. अ‍ॅलर्जीवाल्याकडे मिनिटं असतात आणि त्याला एक डंख पण पुरतो. त्यामुळे आता किती चावल्या हे नंतर, आधी एकेकाला समोर उभं न करता, बसवून, बोलतं करायचं. आवाज बदलला का, जिथे चावलं नाही तिथे खाज किंवा गांध्या आहेत का, उलटी, चक्कर, ओठ. यातलं काही दिसलं की आडवं झोपवायचं आणि फोन. आम्ही १०:५५ ला हे केलं असतं तर फोन वीसेक मिनिटं आधी गेला असता आणि चालवण्याचा प्रकार झालाच नसता.

सिट्रिझिनबद्दल एक, ती खाजेला ठीक आहे, गळ्याची सूज आणि पडलेलं बीपी तिने थांबत नाही. आम्ही गोळी दिली आणि औषध दिलंय या समाधानात दहा मिनिटं घालवली. वहिनींना आता त्यांच्या डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनॅलिन जवळ ठेवायला लिहून दिलंय आणि नवऱ्याला कसं द्यायचं ते शिकवलंय. आपल्याकडे पेनासारखं येणारं तयार इंजेक्शन सहज मिळत नाही, त्यामुळे अँप्युल, म्हणजे औषधाची छोटी काचेची कुपी, आणि सिरिंज, आणि ते ज्याला शिकवलंय त्यानेच द्यायचं.

लीडवर ग्रुपमध्ये थोडी टीका झाली. मला ती पटली नाही, कारण तिथे बसायचं ठरलं तेव्हा काका सोडून कुणीच तोंड उघडलं नव्हतं, आणि काकांना गप्प करणाऱ्यांत मी पण होतो.

दोन आठवड्यांनी आम्ही चौघं बॅगा आणायला गेलो. वनविभागाच्या माणसाला विचारून, गेट उघडल्या उघडल्या, गारवा होता तोवर. मोहोळं जिथल्या तिथे, शांत. डबे माकडांनी उघडून चाटूनपुसून साफ केले होते, सतरंजी टाक्याच्या कडेला अडकलेली, काकांचा चष्मा वळणावरच सापडला, एक काच शाबूत. न बोलता सगळं गोळा केलं आणि उतरलो.

गेटवर पावती दाखवली. त्या माणसाने बाटल्या मोजल्या, १९ भरल्या. चारचे पैसे कापून बाकीचे हातावर ठेवले.